दाखल-खारीजपासून संगणकाच्या नोंदवहीपर्यंत



विदर्भातील कोणत्याही जुन्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात एक जाडजूड, कापडी पाठीचे रजिस्टर असते. त्याला आमच्याकडे दाखल-खारीज म्हणतात. पुण्या-साताऱ्याकडे त्यालाच जनरल रजिस्टर हे नाव आहे; परंतु नागपूर-वऱ्हाडाकडे मध्यप्रांताच्या दप्तरातून आलेला हा फारसी वळणाचा जोडशब्द टिकून राहिला, आणि तो टिकला हे बरेच झाले असे मला वाटते. कारण त्या एका नावात विद्यार्थ्याच्या नोंदीची दोन्ही टोके सामावली आहेत. मूल शाळेत आले की ते दाखल झाले, गेले की खारीज झाले. खारीज झाले म्हणजे त्याची ओळ पुसली गेली असे नव्हे. ओळ तशीच राहते. परंतु त्या ओळीत पुढे काही लिहिण्याचा शाळेचा अधिकार मात्र तेथे संपतो.

आज मला बोलावयाचे आहे ते विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या माहितीच्या खाजगीपणाविषयी. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. विद्यापीठाच्या कारभाराविषयी मी बोलावे यात कोणास धाडस दिसेल. तथापि माझ्या नोकरीतील फार मोठा भाग नोंदी लिहिण्यात, त्या जपण्यात आणि मुदत संपल्यावर त्या निकालात काढण्यात गेला; आणि प्रश्न शेवटी नोंदींचाच आहे.

दाखल-खारिजात रकाने थोडे. अनुक्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस व कारण, आणि शेवटी शेरा. इतक्या अल्प मजकुराने माणसाच्या आयुष्यात केवढी उलथापालथ होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी 1914 या अनुक्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर असे एक नाव दाखल झाले. त्या दिवसाची आठवण म्हणून 7 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस मानला जातो. आमच्या प्रतापनगराहून दीक्षाभूमी दूर नाही. ऑक्टोबर महिन्यात तेथे लोटणारा जनसमुदाय पाहताना त्या एका ओळीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

हे रजिस्टर आजही जिवंत आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या उमेदवारास 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातीच्या उमेदवारास 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातीच्या उमेदवारास 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयास 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबाचे नाव दाखल-खारिजात किंवा कोतवाल बुकात सापडले की नातवाचा मार्ग मोकळा होतो. पिवळ्या पडलेल्या पानावर आजोबाचे नाव दिसताच डोळे पुसणारी माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा नोंद ठेवणे हीच मुळात वाईट गोष्ट, असा एकांगी पक्ष मला मांडावयाचा नाही. नोंद नसती तर कित्येकांचे हक्क हवेत विरले असते.

त्या रजिस्टरात दोषही होते. खेड्यातला बाप मुलाची जन्मतारीख सांगू शकत नसे आणि मास्तर सोयीची 1 जून लिहून मोकळा होई. महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेल्यांची एवढी दाटी आहे ती या कारणाने. जातीचा रकाना वर्गात मोठ्याने वाचून दाखवणारेही मास्तर होऊन गेले. त्याची जखम ज्यांना झाली त्यांना ती आयुष्यभर पुरली. परंतु या दोषांसह त्या नोंदीचा एक गुण होता. काय लिहिले जात आहे हे समोर उभ्या असलेल्या बापाला आणि मुलाला ठाऊक असे.

आता दुसरे पुस्तक घ्या, हजेरीपट. मूल कोणत्या दिवशी आले, कोणत्या दिवशी आले नाही, फी केव्हा भरली, हा सर्व रोजचा तपशील त्यात असे. हा हजेरीपट कायमचा ठेवण्याचा कागद नव्हता. सरकारी दप्तराची जुनी वाटणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल: अ वर्गाचे कागद कायम जपावयाचे, ब वर्गाचे तीस वर्षे, क वर्गाचे दहा किंवा पाच वर्षे, आणि ड वर्गाचे एक वर्ष. प्रत्येक गठ्ठ्याच्या पाठीवर वर्ग आणि वर्ष लिहावे लागे. मुदत भरली की नाशनाची यादी व्हावयाची, वरिष्ठांची सही व्हावयाची आणि मग कागद फाडून नष्ट करावयाचे. कारकुनाला हे काम कंटाळवाणे वाटे. मला मात्र त्यात एक मोठे शहाणपण दिसते. माणसाविषयीची कोणती गोष्ट शंभर वर्षे लक्षात ठेवावयाची आणि कोणती एका वर्षात विसरावयाची, याचा निर्णय कागद जन्माला येतानाच केलेला असे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. त्यात बहुतेक सर्वांच्या नावापुढे एकच शब्द आढळतो : चांगली. ज्याने वर्गाच्या काचा फोडल्या त्याचीही चांगली, आणि जो आठवड्यातून दोनदा नदीवर पळून जाई त्याचीही चांगली. यात लबाडी नव्हती. बारा-चौदा वर्षांच्या पोराचा खोडकरपणा त्याच्या पाठीवर जन्मभर चिकटवू नये, एवढेच त्यामागे होते.

विद्यापीठाची गोष्ट याहून निराळी होती. नागपुरात हिस्लॉप कॉलेज 1883 मध्ये आणि मॉरिस कॉलेज 1885 मध्ये निघाले, तेव्हा येथे विद्यापीठ नव्हते. येथील मुले प्रथम कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. म्हणजे महालातल्या किंवा सीताबर्डीवरच्या मुलाचे गुण शेकडो कोसांवरील दप्तरात पडून असत. 4 ऑगस्ट 1923 रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, सर बिपिन कृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि आमच्या मुलांचे दप्तर आमच्या गावात आले. 2005 पासून हेच विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते.

परंतु दप्तर दूर असो वा जवळ, त्या काळच्या विद्यापीठाला विद्यार्थ्याविषयी ठाऊक काय असे? नाव, कॉलेज, आसनक्रमांक आणि गुण. निकाल वर्तमानपत्रात छापून येई आणि साऱ्या आळीत मुलाचे यशापयश जाहीर होई, हे खरे. पण मुलाने अभ्यास कसा केला, कोणते पुस्तक अर्धवट टाकले, कोणत्या धड्यावर तो चार वेळा अडखळला, रात्री किती वाजेपर्यंत दिवा जळत होता, हे त्याची आई जाणत असे. विद्यापीठाला त्याचा पत्ता नसे. अभ्यास ही घराच्या आतली गोष्ट होती, विद्यापीठाच्या दारापर्यंत येई तो फक्त त्याचा परिणाम.

उलट बाजूने पाहिले तर विद्यार्थ्यालाही विद्यापीठाच्या आत डोकावता येत नसे. 1984 मध्ये महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा मंडळाचा नियम योग्य आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 मध्ये झाल्यानंतर, 2011 मध्ये त्याच न्यायालयाने केंद्रीय मंडळाच्या खटल्यात उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद स्वतः पाहावयास मिळावा एवढ्याकरिता सत्तावीस वर्षे गेली. दप्तर ज्याच्या ताब्यात असते तो ते सहजासहजी उघडून दाखवीत नाही, हे यावरून दिसून येईल.

आता आपण आजच्या काळाकडे येऊ. कॉलेजातील मुले ज्याला एल.एम.एस. म्हणतात ती लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे संगणकावर थाटलेला वर्गच. प्राध्यापक टिपणे तेथे ठेवतात, मुले गृहपाठ तेथे देतात, चाचण्या तेथे होतात, गुण तेथे मिळतात. या कल्पनेचा उगम जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1960 मध्ये प्लेटो नावाची संगणक-शिकवणी सुरू झाली. पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डुजियामास यांनी मूडल ही प्रणाली रचली व 2002 मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. जगभरची विद्यापीठे ती वापरतात. आपल्या देशात 2017 मध्ये स्वयम् हे व्यासपीठ आले, आणि 2020 च्या मार्चमध्ये महामारीने सर्व वर्ग बंद पाडले तेव्हा, जे आले नव्हते तेही एका आठवड्यात आले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूर विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या मुलांनी घरबसल्या मोबाईलवरील ॲपद्वारे परीक्षा दिल्या.

आमच्या प्रतापनगराच्या एका अंगाला थोड्या अंतरावर व्हीएनआयटीचे आवार आहे, दुसऱ्या अंगाला आय.टी. पार्क. त्यामुळे अभियांत्रिकीची मुले येथे घरोघर. त्यांपैकी एकाने मला मूडलची रचना समजावून सांगितली. विद्यार्थ्याने पान उघडले की त्या क्षणाची वेळ नोंदली जाते. कोणते टिपण पाहिले, गृहपाठ केव्हा दिला, चाचणीतील कोणत्या प्रश्नापाशी केव्हा पोहोचला, आणि संगणक कोणत्या जाळ्यावरून जोडला होता, हे सर्व ओळीओळीने उतरते. हा हजेरीपटच आहे, परंतु दिवसाचा नव्हे, सेकंदाचा. मी मास्तरकीच्या सवयीने त्याला विचारले, हा पट किती वर्षे ठेवतात? त्याने व्यवस्थापकाचे पान काढून दाखविले. नोंदी किती काळ ठेवावयाच्या या प्रश्नापुढे प्रणालीने स्वतःहून घालून दिलेले उत्तर होते : कधीही नष्ट करू नका. व्यवस्थापकाला ते बदलता येते. पण बदलण्याची आठवण किती जणांना होत असेल? ड वर्गात जावयाचा कागद कोणाच्याही निर्णयावाचून अ वर्गात जाऊन बसला आहे. दाखल आहे, खारीज नाही.

याने बिघडते काय, असे कित्येक सुजाण गृहस्थ विचारतात. मुलगा अभ्यास करीत असेल तर त्याला लपविण्यासारखे काय? या प्रश्नाचे उत्तर मी दोन अंगांनी देतो.

पहिले असे की, दप्तर ज्याच्या हाती सोपवले तो कोण? जुन्या काळी ते मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलूपकिल्लीत असे. आता ते बहुधा तिसऱ्याच्या हाती असते. अमेरिकेत 2013 मध्ये इनब्लूम नावाची संस्था अनेक राज्यांतील विद्यार्थ्यांची माहिती एकत्र साठविण्यासाठी मोठ्या देणग्यांच्या बळावर उभी राहिली. पालकांनी एवढा गदारोळ केला की 2014 मध्ये तिला गाशा गुंडाळावा लागला. कॅनव्हास ही प्रणाली चालविणारी इन्स्ट्रक्चर कंपनी 2020 मध्ये सुमारे दोनशे कोटी डॉलरांस एका गुंतवणूक संस्थेने विकत घेतली, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी विचारले की, या किमतीत आमच्या इतक्या वर्षांच्या नोंदींचा वाटा केवढा? आपल्याकडे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर ज्याचे चौकोनी चिन्ह छापलेले असते त्या सरकारी दीक्षा व्यासपीठाविषयी जानेवारी 2023 मध्ये बातमी प्रसिद्ध झाली की, त्याच्या साठ्यांपैकी एक साठा वर्षाहून अधिक काळ कुलुपावाचून उघडा होता. त्यात 10 लाखांहून अधिक शिक्षकांची नावे व दूरध्वनी क्रमांक होते, आणि सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची नावे, त्यांच्या शाळा आणि कोणी कोणता पाठ्यक्रम किती पुरा केला याच्या नोंदी होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची 90 हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवरील एका वाहिनीवर आली. ज्या घरात मुलगी एकटी परगावी राहून परीक्षेची तयारी करीत असेल, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. बारावीचा निकाल लागण्याच्या सुमारास अनोळखी शिकवणीवर्गांचे दूरध्वनी मुलाच्या नावानिशी येऊ लागतात, हा तर बहुतेक घरांचा अनुभव आहे. नंबर कोणी दिला हे कधीच कळत नाही.

दुसरे अंग मला अधिक महत्त्वाचे वाटते. चोरी झाली नाही, गळती झाली नाही, सर्व काही कुलुपात सुखरूप राहिले, तरीही काहीतरी बदललेच आहे. शिकणे म्हणजे चुकणे. पाटीवर लिहिलेले थुंकीने पुसून पुन्हा लिहिण्याचा ज्या मुलाला हक्क नाही ते मूल पाटीला हात लावणार नाही. एखादा विद्यार्थी पहिल्या वर्षी खचला, महिनाभर त्याने एकही पान उघडले नाही, घरी आजारपण असेल, पैशाची ओढ असेल. पुढे तो सावरला आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाला. गुणपत्रिकेवर त्या महिन्याचा मागमूस नाही. संगणकात मात्र तो महिना जसाच्या तसा राहतो, आणि दहा वर्षांनी कोणी कशासाठी उघडील हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्या नोंदीत आईचे आजारपण लिहिलेले नसते. तो आला नाही एवढेच असते. वर्तणूक चांगली असे लिहिणारा हात तेथे नाही.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, याच नोंदींवरून मागे पडणारा विद्यार्थी वेळीच ध्यानात येतो. दीडशे मुलांच्या वर्गात जो गप्प बसून बुडतो, तो जुन्या प्राध्यापकाला परीक्षेनंतरच कळे. आता पंधरा दिवसांत कळू शकतो. हा लाभ लहान नाही आणि तो सोडून द्यावा असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या कामासाठी नोंद घेतली ते काम सत्र संपताच संपते. सत्र संपल्यावर ती ठेवावयाची कशासाठी, एवढेच मी विचारतो.

कायद्याने या प्रश्नाची दखल अलीकडेच घेतली. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्या नवांत नागपूरचे सुपुत्र आणि नागपूर विद्यापीठाचेच विद्यार्थी न्यायमूर्ती शरद बोबडे होते व त्यांनी आपले स्वतंत्र निकालपत्र लिहिले, याचा आम्हा नागपूरकरांस अभिमान वाटल्यास नवल नाही. पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या जुलैत अहवाल दिला, आणि ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. कायद्यात तत्त्व उत्तम घातले आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती पुसून टाकावी. जुन्या दप्तराची नाशनाची यादीच ही, नव्या भाषेत.

पण कायदा पुढे वाचला की उत्साह ओसरतो. पुसून टाकण्याचे हे बंधन शासनाला व शासनाच्या अंगांना लागू नाही, असे सतराव्या कलमात म्हटले आहे. आणि कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे न्यायालयांनी आजवर राज्यसंस्थेतच गणलेली आहेत. याचा अर्थ खाजगी शिकवणीवर्गाला जे पुसावे लागेल ते सरकारी विद्यापीठाला पुसावे लागेलच असे नाही. लाखो मुलांची नोंद जेथे आहे तेथेच दार उघडे राहिले.

दुसरी गोष्ट वयाची. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकाची माहिती घेण्यास पालकांची संमती लागते व बालकाच्या हालचालींवर पाळत ठेवता येत नाही. मात्र शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती या दोन्ही बंधनांतून सूट आहे. पहिल्या वर्षात येणारी कितीतरी मुले सतरा वर्षांची असतात. म्हणजे त्यांच्या बाबतीत एक तर बापाची संमती, नाही तर कोणाचीच नको. ज्याची माहिती आहे त्या विद्यार्थ्याला मात्र कोणत्याच ठिकाणी विचारलेले नाही. अमेरिकेने 1974 मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींचा कायदा केला तेव्हा नोंद पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि ती इतरांस देण्यापूर्वी संमती देण्याचा हक्क, मूल अठरा वर्षांचे झाले की किंवा कोणत्याही वयात कॉलेजात गेले की, पालकांकडून काढून त्याच्याच हाती दिला. त्या कायद्यातही पळवाटा पुष्कळ आहेत. परंतु कॉलेजात पाऊल टाकणाऱ्याला मोठा माणूस मानण्याची ही रीत मला पटते. आपण त्याच वयाच्या मुलाला अभियांत्रिकी की वैद्यकी हे ठरवावयास लावतो.

कायद्याने सूट दिली म्हणून विद्यापीठाने ती घेतलीच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. प्रवेशाची नोंद, गुण आणि पदवी कायम. चाचण्यांचे तपशील पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंत. आणि कोणी कोणते पान केव्हा उघडले हा सेकंदांचा हजेरीपट सत्रानंतर एक वर्ष. अशी वर्गवारी करण्यास दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. विद्यापीठाच्या अधिकार मंडळांच्या एका ठरावाने ते होईल. बाहेरच्या कंपनीशी करार करताना, करार संपल्यावर नोंदी परत कराव्यात व आपल्या यंत्रावरील पुसाव्यात, हे कलम घालणेही त्यांच्याच हाती आहे. 2023 च्या कायद्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. ती मे 2027 मध्ये पुरी होते, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात नवे प्रवेश सुरू होतात.